सोमवारचा वास

"सोमवारच्या मशीनीसारखा वास येतोय बघ हितं," तो माणूस बायकोला म्हणाला आणि नाक चोळत बेसिनपासून बाजूला झाला.

बायकोचं लक्ष नव्हतं. तिच्या हातात स्वच्छ फडक्यात बांधलेला डबा होता आणि भिंतीला, कठड्याला, कशालाही लागू न देता ती तो छातीशी धरून उभी होती. मी त्यांच्या मागून रिकाम्या बाटल्यांचा खोका घेऊन चालले होते. खोका पोचवणारे मामा त्या दिवशी आले नव्हते, म्हणून मला चौथ्या मजल्यावर यावं लागलं होतं. एरवी आमची लॅब तळमजल्यावर, आणि मी वर्षातून चार-पाच वेळाच वर जाते. मशीनला सोमवारचा वास कसा असतो, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण अनोळखी माणसाला थांबवून काही विचारणं मला जमत नाही. मी खोका सिस्टरांच्या टेबलावर ठेवला, सही घेतली आणि जिन्याने खाली आले.

तेव्हाच विचारलं असतं तर पुढचे काही आठवडे टळले असते.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये सात वर्षं काम करते आहे. लोकांना वाटतं आम्ही रक्त तपासतो. खरं सांगायचं तर आम्ही जंतू पाळतो. ताप आलेल्या पेशंटचं रक्त, जंतूंचं खाद्य भरलेल्या बाटलीत घालायचं आणि बाटली कपाटाएवढ्या मशीनमध्ये ठेवायची. मशीन तिला अंगाच्या उबेत हलवत राहतं. रक्तात एखादा जिवंत जंतू असेल तर तो वाढतो, बाटलीच्या तळाचा रंग बदलतो आणि मशीन ओरडतं. मग त्यातला थेंब तसंच खाद्य थापलेल्या चपट्या प्लेटवर पसरायचा आणि पुन्हा वाट पाहायची. वाट पाहणं हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे. वरच्या मजल्यावर ताप चढत असतो, डॉक्टर फोनवर फोन करत असतात आणि आम्ही म्हणतो, "उद्या." जंतूला घाई करता येत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा बाटल्या कॅन्सरच्या वॉर्डातून येतात. केमोथेरपीच्या औषधाने कॅन्सरच्या पेशी मरतात, पण त्यांच्याबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मरतात. मग काही दिवस शरीराला राखणच नसते. माझे वडील भोसरीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. त्यांना मी हे असं समजावलं होतं: गेटवरचे सगळे सिक्युरिटीवाले एकाच दिवशी रजेवर गेले असं समजा. अशा वेळी चोरच आत येतो असं नाही. रोज गेटबाहेर झोपणारं कुत्रंही आत येतं, आणि मोकळं रान मिळालं की तेही नासधूस करतं. वडील म्हणाले, "कुत्र्याचा काय दोष?" तो नसतोच. हे जंतू नळात असतात, कुंडीतल्या मातीत असतात, आपल्याच कातडीवर आणि आतड्यात असतात. तुमचं-माझं ते काही बिघडवत नाहीत. त्यांना 'संधिसाधू' म्हणतात. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो वर्तमानपत्रात, पक्ष बदलणाऱ्यांच्या बातमीत. जंतूंनाही तोच शब्द आहे हे फार उशिरा कळलं.

मला हे काम शिकवलं सावंत मॅडमनी. त्या मूळच्या कुडाळकडच्या. तीस वर्षं त्या एकाच खिडकीपाशी बसल्या आहेत. प्लेट उजेडात तिरकी धरून, काहीही न तपासता, हा कोण आहे ते त्या सांगतात, आणि मशीन दुसऱ्या दिवशी तेच सांगतं. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात त्यांचा एक डबा असतो. आम्ही ज्यांना निरुपयोगी म्हणून टाकून देतो त्या जंतूंचाही एकेक नमुना त्या महिनाभर छोट्या नळीत ठेवतात. त्याला त्या 'माझं लोणचं' म्हणतात. नव्या मुली हसतात. मीही हसले होते.

पेशंट आम्हाला सहसा दिसत नाहीत. मी त्यांना नंबरांनी ओळखते आणि खरं म्हणजे मला ते सोयीचं वाटतं. अपवाद एकच. सिटी बसचे एक निवृत्त ड्रायव्हर बरे होऊन घरी जायच्या दिवशी खिडकीपाशी येऊन उभे राहिले. "माझा किडा मला दाखवा," म्हणाले. "एवढं मला आडवं कुणी पाडलं ते बघू द्या." मी बंद प्लेट काचेतून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. "एवढासा? अहो, याच्याहून मोठी घाण माझ्या काचेवर बसायची. वायपर मारला की खलास." मग त्यांनी प्लेटला रीतसर सलाम केला. अजून तपासणीला आले की विचारतात, "आमचे साहेब कसे आहेत?"

आता मूळ गोष्टीकडे येते. ती माझ्या चुकीची आहे.

आमच्या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न जंतू कोणता हा नसतो. तो आला कुठून, हा असतो. रक्त काढताना कातडीवरचा, हवेतला एखादा जंतू सुईबरोबर बाटलीत जाऊ शकतो. तसा असला तर तो आजाराचा नव्हे, 'बाहेरचा'. तो खरा धरला तर पेशंटला विनाकारण जड औषधं जातात. म्हणून आम्ही दोन बाटल्या मागतो, एक हातातून घेतलेल्या रक्ताची आणि एक छातीजवळच्या मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून घेतलेल्या रक्ताची. दोन्हींत तोच जंतू आला तर खरा. एकीतच आला, तोही उशिरा, तर बहुतेक वेळा बाहेरचा. बहुतेक वेळा.

मी वर खोका देऊन आले त्याच आठवड्यात त्या वॉर्डातून दोन बाटल्या आल्या. बावीस वर्षांची मुलगी, रक्ताचा कॅन्सर, केमोचा पहिला डोस झालेला, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य, थंडी वाजून ताप. हातातली बाटली गप्प राहिली. नळीतली तिसऱ्या दिवशी ओरडली. प्लेटवर आणखी दोन दिवसांनी बारीक पिवळे ठिपके उठले, हळदीच्या बोटांचे ठसे पडावेत तसे. सुस्त, पाण्यात राहणारा जंतू. दोनपैकी एक बाटली, तीही तिसऱ्या दिवशी. मी लिहिलं: बहुधा बाहेरचा. सही केली.

दुपारी वॉर्डच्या जाधव सिस्टर खाली आल्या. त्या लातूरच्या. केमोने शिरा विरून गेलेल्या हातातून पहिल्या टोचणीत रक्त काढणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

"मॅडम, बाहेरचा म्हणजे माझ्या हाताचा, असंच ना?" त्यांनी कागद खिडकीवर ठेवला. "मी काय डोळे मिटून रक्त काढायले का? पुसल्यावर वाळेपर्यंत आकडे मोजते मी. पोरी हसतात मला."

"तसं नाही सिस्टर, नियम असा आहे की…" मी बोलायला लागले.

"नियम तुमचा. हात माझा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्या बरोबर होत्या, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. इतक्या काळजीने घेतलेल्या रक्तात बाहेरचा जंतू सहज येत नाही, हीसुद्धा एक खूणच होती.

माझ्या रिपोर्टमुळे काय झालं ते नंतर जाधव सिस्टरांकडूनच कळलं. रक्तात काही नाही असं ठरल्यावर तापाचं दुसरं कारण शोधणं सुरू झालं. मुलीला जुलाबही होत होते. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, खाणं कुठलं? घरचा डबा. आई चाकणजवळच्या गावाहून रोज घेऊन येते. डबा त्याच दिवशी बंद झाला. मुलीचं नाव कविता. तिची आई म्हणजे त्या दिवशी बेसिनपाशी डबा छातीशी धरून उभी असलेली बाई, आणि सोमवारचा वास ओळखणारा माणूस म्हणजे तिचे वडील, हेही तेव्हाच कळलं.

औषधांनी ताप उतरला. कविताच्या पेशी वाढू लागल्या, दुसऱ्या डोसची तारीख ठरली. तो वेळेवर होणं फार गरजेचं होतं. हा आजार थांबून वाट बघत नाही. आणि डोसच्या दोन दिवस आधी, नळीतून सलाइन सोडल्यावर तासाभरात, कविता पुन्हा कुडकुडायला लागली. डोस पुढे ढकलला.

या वेळी दोन्ही बाटल्या ओरडल्या. नळीतली आधी, हातातली काही तासांनी. आधी नळीतली वाजली म्हणजे जंतूंचं घर नळीत आहे. प्लेटवर पिवळे ठिपके.

सावंत मॅडमनी प्लेट तिरकी धरली. "अगो, ह्याला आपण आधी बघितलाय." त्यांनी फ्रीज उघडला, लोणच्यातून कविताच्या पहिल्या तापातला नमुना काढला, पुन्हा वाढवला. दोन दिवसांनी दोन प्लेटा शेजारी ठेवल्या. तोच रंग, तीच चाल, औषधांना तोच प्रतिसाद. मॅडम मला ओरडल्या नाहीत. जुन्या रिपोर्टवरची सही फक्त त्यांनी बोटाने दाखवली. "दुरुस्त करून पाठव."

मी पाठवला. कॉम्प्युटरवरून पाठवण्यात एक सोय असते, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. डॉक्टरांनी औषध बदललं. पण जंतू नळीत आला कुठून? तो सापडेपर्यंत नवी नळी बसवण्यातही अर्थ नव्हता. दहा दिवसांत तिचीही तीच गत झाली असती. आणि नळीशिवाय दुसरा डोस नाही.

शोध सुरू झाला. बुधवारी दुपारी मी कापसाच्या काड्या घेऊन वर गेले. नळ, नळाचं तोंड, पाणी, बेसिनची जाळी, ट्रे, दाराच्या मुठी. सगळं लखलखत होतं आणि फिनेलचा वास सुटला होता. लॅबच्या मॅडम काड्या घेऊन येणार ही बातमी माझ्याआधी वर पोचली होती. प्लेटांवर काही उगवलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. रिकाम्या प्लेटांची रास बघत बसले असताना मला ते वाक्य आठवलं.

कविताचे वडील पहिली शिफ्ट संपवून दुपारी येतात आणि खाली गाडीपाशी थांबतात, असं सिस्टरांनी सांगितलं. मी पार्किंगमध्ये दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा त्यांनीच बघितलं.

"काका, तुम्ही मागे एकदा वर बेसिनपाशी म्हणालात, सोमवारच्या मशीनीसारखा वास. म्हणजे काय?"

ते माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत उठले. "कुनी तक्रार केली का ताई? म्या आपलं सहज बोललो व्हतो."

"तक्रार नाही. मला कळलं नाही, म्हणून विचारते."

ते जरा सैल झाले. चाकणच्या एका कंपनीत चोवीस वर्षं ते मशीन चालवत होते. लोखंड कापताना तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, त्याला कूलंट म्हणतात, हे त्यांनी मला हाताने मशीन काढून दाखवत सांगितलं. "शनवारी मशीनी बंद झाल्या की रईवारभर ते टाकीत पडून ऱ्हातं. सोमवारी झाकन काढलं की सडक्या अंड्यागत वास. नवी पोरं काय करत्यात, वरून दवा वततात, नवं कूलंट भरत्यात, आन खूश. दोन दिसांत परत त्येच."

"का?"

"तळाला आन पायपात बुळबुळ धरलेली असती ना! जित्ती असती ती. वरचं पानी बदलून तिला काय हुतंय? खरवडूनच काढाया लागती."

ही बुळबुळ मी तीन पुस्तकांत वाचली होती, तिच्यावर परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं. जंतू एकमेकांना धरून चिकट थर करतात, त्या थराखाली औषध पोचत नाही, वगैरे. पार्किंगमध्ये उभं राहून मला ती पहिल्यांदा दिसली. टाकीतली, बेसिनखालच्या पाइपातली आणि कविताच्या छातीतल्या त्या नळीतलीही.

"आम्ही तपासलं काका. बुधवारी दुपारी. काही सापडलं नाही."

ते हसले. "ऑडिटवाले येनार म्हनल्यावर आमची कंपनी बी चकाचक असती. तुमी सोमवारी सकाळी या, पयला नळ सोडायच्या आदी. आन वरवर पुसू नका. खालचं वाकडं पाइप खोला. आजून एक. पानी उडतं कुठवर त्ये डोळ्याला दिसत न्हाई. आमी मशीनीभवती पेपर पसरतो. थेंब पेपरावर लपत न्हाईत."

मी वही काढून लिहून घेतलं. ते बघत राहिले, मग हळू आवाजात म्हणाले, "पोरीच्या तापाचा ह्याच्याशी काय संबंध हाय का? न्हाई, घरात पोरीची आई धड जेवत न्हाई. तिच्या डब्यानं झालं म्हनत्यात ना. आवो, ही भाजी तीन पान्यानं धुती. डबा आदी रिकामा कुकरात घालती, शिट्ट्या काढती, मंग भरती. इथल्या बेसिनात कधी धूत न्हाई, घरी नेऊन उकळती. तरी वहिनी सगळ्यांम्होरं म्हनली, आईच्या हातचं खाऊनच पोर झोपली."

दुरुस्त केलेला रिपोर्ट मीच पाठवलेला होता. डबा बंद होऊन नऊ दिवस उलटल्यावर ताप परत आला होता, हेही मला माहीत होतं. मी म्हणाले, "बघते."

सोमवारी मी मोशीहून पहिली बस पकडली. जाधव सिस्टर आधीच येऊन थांबल्या होत्या. ते बेसिन वॉर्डच्या टोकाला, औषधं तयार करायच्या खोलीच्या दारातच आहे. रविवारी ती खोली बहुतेक बंद असते. दार उघडलं आणि वास आला. मंद, पण तोच, सडक्या अंड्याचा.

सिस्टरांनी पर्समधून पेपर काढला. "राशिभविष्य राहिलंय माझं वाचायचं," म्हणत त्यांनी तो बेसिनच्या बाजूच्या ओट्यावर पसरला. नळ रोज सोडतात तेवढाच सोडला. पाण्याची धार नेमकी जाळीच्या भोकावर आपटत होती. अर्ध्या मिनिटाने नळ बंद केला. पेपरवर काळपट थेंब होते. जवळ दाट, पुढे विरळ, आणि शेवटचे काही थेंब ओट्याच्या त्या कोपऱ्यापर्यंत, जिथे रोज पेशंटच्या छातीतल्या नळ्या धुण्याच्या सलाइनच्या सिरिंजा भरून ट्रेमध्ये ठेवल्या जातात.

सिस्टरांनी शेवटच्या थेंबावर बोट ठेवलं. "माझ्या हाताचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या ट्रेतलं होतं."

मग त्यांनी स्वतःच फोन करून प्लंबरला बोलावलं, आणि त्या खोलीतल्या भरलेल्या सगळ्या सिरिंजा माझ्यासमोर कचऱ्यात टाकल्या. स्वतःच्या कामातली चूक अशी मिनिटभरात मान्य करून पुढच्या कामाला लागणं मला अजून जमत नाही. त्यांना जमतं.

वाकडा पाइप खोलला तेव्हा प्लंबरसुद्धा मागे सरला. आत काळा, बोटभर जाड थर, त्यात चहाची पत्ती, फळांचे धागे, कसल्याशा पावडरीचे गोळे. ते हात धुण्याचं बेसिन होतं. पण आपल्याकडे बेसिन म्हणजे उभी मोरी. उरलेला चहा, मोसंबीचा रस, बाटलीतलं राहिलेलं सलाइन, प्रोटीनचं दूध, सगळं सगळ्यांनी तिथेच ओतलं होतं. नातेवाइकांनी, मावशींनी, आमच्या लोकांनीही. ज्या खाद्यासाठी आम्ही बाटल्या मागवतो, तेच आम्ही सगळे मिळून रोज त्या पाइपाला भरवत होतो. त्या जंतूबद्दलही मला थोडं कौतुक वाटलं हे लपवत नाही. फिनेल, ॲसिड, ब्लीच, सगळं वरून वाहून गेलं आणि तो खाली गुपचूप टिकून होता.

त्या थरातून काड्यांवर घेतलेल्या नमुन्याच्या प्लेटांवर बुधवारी पिवळे ठिपके उठले. सावंत मॅडमनी तीन प्लेटा ओळीत ठेवल्या. लोणच्यातली, कविताच्या रक्तातली, पाइपातली. डबीतला आवळा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्याकडून शाबासकी अशीच मिळते.

बेसिन बंद झालं, ओटा दुसऱ्या भिंतीला गेला, कविताची जुनी नळी काढली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि परत आला नाही. नवी नळी बसली, दुसरा डोस झाला. हॉस्पिटलच्या बैठकीत लॅबचं कौतुक झालं. वास कुणी ओळखला हे सावंत मॅडमनी तिथे स्पष्ट सांगितलं, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी कविताच्या वडिलांना वर बोलावून चहा दिला. ते खुर्चीच्या कडेवर बसले. अर्धा कप प्याल्यावर इकडेतिकडे बघत म्हणाले, "सायेब, उरलेला कुठं वतू?" सगळे हसले. सगळ्यात जास्त जाधव सिस्टर.

मीही हसले. त्या बैठकीत मी एक शब्द बोलले नव्हते.

कविताला घरचं गरम शिजवलेलं जेवण चालेल, असं डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं होतं. इंग्रजीत, एका ओळीत. वडिलांना बेसिनची गोष्ट कळली होती, पण तिचा पहिल्या तापाशी काय संबंध, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिला ताप डब्याने आणि दुसरा बेसिनने, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. आई रोज येत होती आणि हात रिकामे ठेवून येत होती. हे मला जाधव सिस्टरांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.

गुरुवारी अकराच्या सुमाराला खिडकीपाशी नेहमीची रांग होती. आठ-दहा माणसं, हातात डब्या आणि कागद. नंबर लिहिता लिहिता मी मान वर केली तर समोर कविताची आई. त्यांनी फडक्यातला डबा खिडकीच्या फळीवर ठेवला. टेकवण्याआधी फळी पदराने पुसली.

"ताई, तुमीच ना बेसिनातलं शोधलं त्या?"

मी मान हलवली.

"ह्यात मुगाची खिचडी हाय. तवा केली व्हती तशीच केली. त्योच तांदूळ, त्येच भांडं. तुमच्या त्या मशीनीत घाला आन काय निघतंय ते मला सांगा." त्यांच्या हातांची कातडी धुऊन धुऊन सोलवटली होती. "निघालं तर निघालं. मी काय रडनार न्हाई. तिला परत कधी भरवनार न्हाई एवढंच. पर मला कळू द्या."

"मावशी, रांग आहे," मागून एक माणूस म्हणाला.

"थांब रे भावा. माझ्या पोरीचं हाय."

इथे अन्न तपासलं जात नाही, अशी पाटी आमच्या खिडकीवर लावलेली आहे. ती खरी आहे आणि ती वाचून दाखवली असती तरी चाललं असतं. त्या तशाच गेल्या असत्या, डबा घेऊन. माझ्या पाठीमागे सावंत मॅडमचं पेन थांबलं होतं. त्या उठल्या नाहीत.

मी हातमोजे काढले, खिडकी सोडली आणि दार उघडून बाहेर रांगेपाशी आले. सगळे माझ्याकडे बघत होते. माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला.

"काकू, डब्यात काही नव्हतं. पहिला ताप आला तेव्हाच रक्तात जंतू सापडले होते, आणि ते त्या बेसिनमधलेच होते. मी त्यांना खोटं धरलं आणि तसं लिहून दिलं, म्हणून सगळ्यांनी तुमच्या डब्याला नावं ठेवली. चूक माझी होती. खिचडी गार होतेय. चला, मी येते तुमच्याबरोबर वर."